हे खरे आहे काय?

आमच्या वस्तीत वर्षभरात अनेक बैठका होतात, पण सर्वांत कडक बैठक म्हणाल तर जयंतीच्या हिशेबाची. बोरीवली पूर्वेला मागाठाण्याच्या बाजूला आमचे छोटेसे विहार आहे. दर वर्षी मे महिन्यातल्या एखाद्या रविवारी वंदना झाल्यावर खजिनदार वहीचे पान उघडतात आणि पहिल्या ओळीत बसलेल्या मावशी चष्मा पुसतात. मावशींना वाचता येत नाही. चष्मा फक्त दबावासाठी. महापालिकेच्या सफाई खात्यात त्यांचा जन्म गेला, पण वर्गणीच्या प्रत्येक रुपयाची त्यांना तोंडपाठ आठवण.

यंदा त्यांनी मंडपवाल्याला धरले. "मागच्या साली साडेचौदा हजार दिले, औंदा अठरा कसे?" खजिनदार म्हणाले, बांबू महागले. "मग पावती दाखव. आणि दुसऱ्या मंडपवाल्याला विचारलं होतं का, ते सांग." पावती निघाली. दुसऱ्याला विचारले नव्हते. खजिनदारांना घाम फुटला. एकंदर एकसष्ट हजारांचा हिशेब, त्याला दोन तास लागले. खीर गार झाली. पण बैठक संपली तेव्हा कोणाच्या मनात किंतु राहिला नव्हता, आणि खजिनदारांनाच पुन्हा एकमताने निवडले गेले.

उठता उठता मावशींनी आमच्याकडे मोहरा वळवला. "काय रं भाऊ, तू सरकारी हापिसात कारकून. आपण एकसष्ट हजाराला दोन तास खातो. तिकडं सरकारकडं हजारो कोटी. त्यांना पावती कोण मागतं?"

वाचकहो, प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर आम्हाला तिथे उभ्या उभ्या नीट देता आले नाही. "आमदार मागतो, मावशे," एवढेच म्हणालो. तेव्हा त्या म्हणाल्या, "आपला मागतो का?" म्हणून हा लेखनप्रपंच.

आमदार मागतो, तो कसा मागतो, हे आधी पाहू. विधिमंडळाच्या कामकाजात प्रश्नोत्तराचा तास असतो. आमदार लेखी प्रश्न देतो. ज्याचे उत्तर मंत्र्याने सभागृहात तोंडी द्यायचे, तो तारांकित. ज्याचे उत्तर केवळ लेखी मिळते, तो अतारांकित. तारांकित प्रश्नाचे खरे बळ त्याच्या उपप्रश्नात असते. छापील उत्तर खात्याने तयार केलेले असते, ते मंत्री वाचू शकतो. पण आमदाराने उठून "मग उरलेले पैसे कुठे गेले?" असे विचारले की तिथे मंत्र्याची स्वतःची परीक्षा सुरू होते. याशिवाय लक्षवेधी सूचना आहे, अर्धा तास चर्चा आहे, अर्थसंकल्पातल्या मागण्यांवर कपात सूचना आहे. कपात सूचना म्हणजे या खात्याच्या मागणीतून इतके रुपये कमी करा असे म्हणायचे आणि त्या निमित्ताने खात्याची लक्तरे सभागृहात मांडायची. एक रुपया खरोखर कमी होत नाही, पण मंत्र्याला ऐकून घ्यावे लागते.

प्रश्नाची भाषा ठरलेली आहे. "सन्माननीय मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय : (१) अमुक ठिकाणी अमुक झाले हे खरे आहे काय, (२) असल्यास, चौकशी केली आहे काय, (३) असल्यास, त्यात काय आढळून आले, (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?" आणि उत्तराचीही भाषा ठरलेली. "हे खरे आहे." "हे अंशतः खरे आहे." "हे खरे नाही." "प्रश्न उद्भवत नाही."

या चार उत्तरांवर आमच्या बिरादरीतले कितीतरी कारकून पोसले गेले आहेत. हे आम्ही उगाच म्हणत नाही. प्रश्न विधानभवनातून मंत्रालयात येतो, मंत्रालयातून आयुक्तालयात, तिथून जिल्ह्याला, आणि शेवटी ज्या टेबलावर मूळ फाईल असते त्या टेबलावर येऊन आदळतो. पाकिटावर तांबड्या शाईत लिहिलेले असते, विधानसभा प्रश्न, तात्काळ. त्या दिवशी साहेबांपासून शिपायापर्यंत कोणी वेळेवर घरी जात नाही. वर्षभर न सापडलेली फाईल अर्ध्या तासात सापडते. मंत्री सभागृहात जे बोलतो, त्याची पहिली ओळ खाली कुठेतरी एका कारकुनाने लिहिलेली असते.

अशी एक ओळ आम्हीही लिहिली आहे. सांगायला लाज वाटते, पण सांगतो. नोकरीला लागून दोन वर्षे झाली असतील. एका वसतिगृहाचा पाणीपुरवठा तीन महिने बंद आहे, हे खरे आहे काय, असा प्रश्न आला होता. आम्ही कागद काढले. पाणी बंद होते ते त्र्याऐंशी दिवस. तीन महिन्याला सात दिवस कमी. आम्ही विचार केला आणि उत्तराचा मसुदा केला : "(१) हे खरे नाही. (२), (३) व (४) प्रश्न उद्भवत नाही." वरिष्ठ खूश झाले. पाठीवर थाप मारून म्हणाले, "बी.कॉम. झालास ते सार्थकी लागलं." मसुदा वर गेला, तसाच छापला गेला. त्या वसतिगृहात आपलीच मुले राहत होती. त्र्याऐंशी दिवस ती बाहेरून बादल्या भरून आणत होती. संध्याकाळी बोरीवली गाडीत दाराशी उभे राहून आम्ही घरी येत होतो तेव्हा वरिष्ठांची ती थाप पाठीवर जशीच्या तशी जाणवत होती. मंत्री खोटे बोलले असे कोणी म्हणू शकणार नव्हते. आणि प्रश्न विचारणाऱ्या आमदारांनी "तीन महिने" ऐवजी "अमुक तारखेपासून" असे लिहिले असते, तर आम्हाला पळवाट मिळाली नसती.

आता ही विचारण्याची रीत आली कुठून? कंपनी सरकार गेले तरी सुरुवातीच्या कौन्सिलांत प्रश्न विचारण्याचा हक्क नव्हता. १८९२ च्या कायद्याने सभासदांना, अनेक अटी घालून का होईना, प्रश्न विचारायची आणि अंदाजपत्रकावर बोलायची मुभा दिली. उपप्रश्न १९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनंतर आला. म्हणजे साहेबाला जाब विचारायचा हा हक्क एका रात्रीत मिळालेला नाही.

पण आपल्या माणसांनी पावती मागायला कायद्याची वाट पाहिली नव्हती. महात्मा जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाईसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास यायचे होते तेव्हा त्यांच्या स्वागताच्या शोभेवर एक हजार रुपये खर्च करण्याची टूम निघाली. जोतीरावांनी विरोध केला. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाकडे लावा, असे त्यांचे म्हणणे. पुढे १८८२ साली हंटर आयोगापुढेही त्यांनी तोच हिशेब मांडला : सरकारचा महसूल शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गाच्या मुलांवर होतो. मावशी मंडपाची पावती मागतात, तेव्हा त्या या घराण्यातल्या आहेत असे आम्हाला वाटते. (मावशींना हे सांगितले तर म्हणतील, मला नको चढवूस, अठरा हजाराचं बोल.)

बाबासाहेब १९२७ साली मुंबई कायदे कौन्सिलात सरकारनियुक्त सभासद म्हणून गेले. त्यांच्याबरोबर डॉ. पी. जी. सोळंकी होते. सरकारने नेमलेला माणूस सरकारची तळी उचलेल, असे कोणाला वाटले असेल तर ते २४ फेब्रुवारी १९२७ रोजी चुकले. त्या दिवशी अंदाजपत्रकावर बोलताना बाबासाहेबांनी शेतसाऱ्याला हात घातला. ज्याचे उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या खाली त्याला प्राप्तीकर नाही. पण शेतकरी कितीही लहान असो, पीक येवो की न येवो, त्याला सारा भरावाच लागतो. हा न्याय कोणता? लंडनला आणि न्यूयॉर्कला अर्थशास्त्र शिकून आलेला माणूस, पण बोलला ते एक-दोन बिघे कसणाऱ्याच्या बाजूने.

त्याच्या दोनच आठवड्यांनंतर, १२ मार्चला, शिक्षणाच्या अनुदानावरचे त्यांचे भाषण झाले. ते आम्ही कारकुनी डोळ्यांनी वाचले आणि थक्क झालो. बाबासाहेब तिथे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवतात. या इलाख्यात सरकार माणशी १४ आणे शिक्षणावर खर्च करते. आणि त्याच माणसाकडून दारूच्या अबकारी करातून वसूल करते ते दोन रुपयांहून अधिक. त्यांची मागणी एवढीच : लोकांकडून दारूपायी जितके घेता, निदान तितके तरी त्यांच्या शिक्षणावर खर्चा. आवाज चढवलेला नाही, शिवी नाही. दोन आकडे. सरकारी बाजूला या आकड्यांपासून पळता येत नाही, कारण दोन्ही सरकारच्याच पुस्तकातले.

हे सारे कामकाज महाराष्ट्र शासनाने वसंत मून यांच्या संपादनाखाली १९८२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथमालेच्या दुसऱ्या खंडात आहे. त्यात बाबासाहेबांनी विचारलेले प्रश्न आणि सरकारची उत्तरेही आहेत. आपल्या बऱ्याच विहारांत हे खंड काचेच्या कपाटात आहेत. कपाटाला कुलूप असते आणि किल्ली सेक्रेटरींच्या घरी असते. दुसरा खंड बाहेर काढा, एवढीच आमची विनंती. प्रश्न कसा विचारावा याचे त्यापेक्षा चांगले पुस्तक आमच्या पाहण्यात नाही.

त्यानंतर १९३७ मध्ये बाबासाहेब स्वतंत्र मजूर पक्षातर्फे निवडून विधानसभेत आले आणि विरोधी बाकावर बसले. समोर बाळासाहेब खेर यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ. खोती नष्ट करण्याचे विधेयक बाबासाहेबांनी सप्टेंबर १९३७ मध्ये मांडले. पण केवळ सभागृहात विचारून भागत नाही हे त्यांना ठाऊक होते. १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातले आणि इतर जिल्ह्यांतले हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर चालून गेले. तो कौन्सिल हॉल म्हणजे रीगल थिएटरजवळची ती जुनी दगडी इमारत, जिथे पुढे राज्य पोलिसांचे मुख्यालय झाले. आत प्रश्न आणि बाहेर मोर्चा, अशी ती जोडी होती.

आता एक गोष्ट आमच्या लोकांत फारशी कोणी सांगत नाही. बाबासाहेब आयुष्यभर प्रश्न विचारणाऱ्यांच्याच बाकावर नव्हते. १९४२ ते १९४६ ते व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. तेव्हा ते उत्तर देणाऱ्यांच्या बाकावर होते. महायुद्धात कोळसा कमी पडू लागला म्हणून सरकारने खाणीत जमिनीखाली स्त्रियांना काम करण्याची बंदी उठवली होती. त्यावर ८ फेब्रुवारी १९४४ रोजी मध्यवर्ती कायदेमंडळात तहकुबी सूचना आली. बाबासाहेबांना उभे राहावे लागले. ज्या माणसाने १९२८ मध्ये मुंबई कौन्सिलात बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकाची बाजू घेतली होती, त्यालाच बायकांना खाणीत उतरवण्याचा खुलासा करावा लागला. त्यांनी खुलासा केला : युद्धाची तातडी आहे, मजुरी पुरुषाइतकीच मिळेल, ही व्यवस्था कायमची नाही. हे सर्वांना पटले असे नाही. आम्हालाही ते वाचताना कसेसेच होते. पण त्यांनी प्रश्नच उद्भवत नाही असे म्हटले नाही. सूचना आली, ते उभे राहिले, कारणे दिली, टीका ऐकली. आमच्या मते बाबासाहेबांचा मोठेपणा इथेही आहे, आणि आपल्या आजच्या पुढाऱ्यांना, मग ते कोणत्याही गटाचे असोत, हे पान वाचून दाखवले पाहिजे. त्यांना जाहीर सभेत कोणी दोन शब्द विचारले तरी कार्यकर्ते अंगावर धावून येतात.

म्हणूनच ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना बाबासाहेबांनी जे सांगितले त्याला दोन्ही बाकांचा अनुभव होता. अमेरिकेसारखी अध्यक्षीय पद्धत का नको, याचे उत्तर देताना ते म्हणाले की तिथे सरकार स्थिर असते, पण त्याच्या जबाबदारीचे मोजमाप ठरावीक मुदतीनेच होते. आपल्या संसदीय पद्धतीत ते मोजमाप दोनदा होते. मुदतीचे मोजमाप मतदार निवडणुकीत करतात. आणि रोजचे मोजमाप सभासद करतात, प्रश्नांनी, ठरावांनी, अविश्वासाच्या सूचनेने, अभिभाषणावरच्या चर्चेने. रोजचे मोजमाप अधिक परिणामकारक, म्हणून ही पद्धत निवडली. पुढच्या वर्षी, ३० मे १९४९ रोजी, सरकारी खर्चाची तपासणी करणाऱ्या महालेखापरीक्षकाबद्दल बोलताना घटनेतला हा बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी, असे त्यांनी म्हटले. सरन्यायाधीश नाही, सेनापती नाही, हिशेब तपासनीस. आम्हा कॉमर्सवाल्यांची छाती यामुळे फुगते हे खरे, पण त्या तपासनिसाचा अहवाल अनेकदा अधिवेशनाच्या अगदी शेवटच्या दिवशी सभागृहात ठेवला जातो आणि सदस्य बॅगा भरून निघालेले असतात, हेही खरे.

एका प्रश्नाने काय होऊ शकते ते मुंबईने पाहिले आहे. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी आयुर्विमा महामंडळाची पॉलिसी आहे, हप्ता पगारातून कापला जातो. त्या महामंडळाने १९५७ साली हरिदास मुंध्रा यांच्या सहा कंपन्यांत सव्वा कोटीच्या आसपास रुपये गुंतवले. सप्टेंबर १९५७ मध्ये लोकसभेत प्रश्न आला. सुरुवातीची उत्तरे मोघम. डिसेंबरमध्ये फिरोज गांधी आकडे घेऊन उभे राहिले. ते सत्ताधारी पक्षाचेच खासदार आणि पंतप्रधानांचे जावई, तरी त्यांनी आपल्याच सरकारला सोडले नाही. मुंबईचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी मुंबईत उघड चौकशी केली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. डिसेंबर २००५ मध्ये प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्याचे छुप्या कॅमेऱ्यात सापडले म्हणून अकरा खासदारांना संसदेतून काढून टाकण्यात आले. त्यात महाराष्ट्राचेही दोघे होते. जो प्रश्न आपल्यासाठी विचारायचा, तो दुकानात मांडला गेला. आणि जिथे विकला जात नाही तिथे गोंधळात बुडतो. फलक, घोषणा, तहकुबी. प्रश्नोत्तराचा तास वाया गेला की सर्वांत मोठा सुस्कारा कोण सोडतो, तर ज्याच्या खात्याचे प्रश्न त्या दिवशी लागले होते तो मंत्री. आणि खाली टेबलावरचा आमच्यासारखा कारकून.

आता मावशींच्या खऱ्या प्रश्नाकडे येऊ. हजारो कोटी कुठे जातात?

अनुसूचित जातींच्या लोकसंख्येच्या प्रमाणात योजनेतला पैसा वेगळा काढायचा, ही विशेष घटक योजनेची पद्धत १९७९-८० च्या सुमारास सुरू झाली. २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात हे प्रमाण सुमारे १२ टक्के आहे. पैसा वेगळा काढला जातो, निदान कागदावर. पण काढलेला पैसा त्याच कामाला लागतो काय, हा जुना वाद आहे. मे २०२५ मध्ये तो पुन्हा उफाळला. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेसाठी सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी ३० लाख आणि आदिवासी विकास विभागाचे ३३५ कोटी ७० लाख रुपये दिले गेले. यावर विरोधकांनी आरडाओरडा केला असता तर नवल नव्हते. पण खुद्द सामाजिक न्यायमंत्री संजय शिरसाट यांनीच जाहीर नाराजी व्यक्त केली. सरकारच्या बाजूने खुलासा आला की या योजनेत अनुसूचित जाती-जमातींच्या बहिणीही लाभार्थी आहेत, त्यांच्या वाट्याचा पैसा त्यांच्याच शीर्षाखालून दिला, हे वळवणे नव्हे.

विहारात आम्ही हे वाचून दाखवले तेव्हा एकदम शांतता पसरली. कारण महिला मंडळातल्या निम्म्याहून अधिक जणींना महिन्याचे ते दीड हजार मिळतात. शेवटी एक ताई हळूच म्हणाल्या, "भाऊ, म्हणजे आम्ही ते पैसे परत करायचे का?"

नाही ताई, मुळीच नाही. धुणीभांडी करून संसार ओढणाऱ्या बाईच्या हातात दीड हजार रुपये आले, यात वाईट काही नाही. तो तिचा हक्क आहे. पण तो हक्क ती महाराष्ट्राची नागरिक आणि बहीण म्हणून आहे. सर्व जातींच्या बहिणींना ज्या तिजोरीतून पैसे मिळतात, त्याच तिजोरीतून तुम्हालाही मिळाले पाहिजेत. तुमच्या दीड हजारासाठी तुमच्याच मुलीच्या वसतिगृहाच्या आणि शिष्यवृत्तीच्या खात्याला हात लागत असेल, तर एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात घातल्यासारखे झाले. लागतो की नाही, हे आम्ही इथे बसून ठरवू शकत नाही. ते आमदाराने सभागृहात विचारले पाहिजे, आणि बाबासाहेबांसारखे दोन आकडे शेजारी ठेवून विचारले पाहिजे : या शीर्षाखाली शिष्यवृत्ती, वसतिगृहे आणि निवासी शाळा यांना वर्षारंभी किती तरतूद होती, आणि वर्षअखेर प्रत्यक्षात किती खर्च झाला. ताईंनी मान हलवली. "मग हे लिहून द्या," त्या म्हणाल्या, "आम्ही सह्या करतो." बावन्न सह्या झाल्या.

सह्यांचा काय उपयोग, असे आमच्या तरुण मंडळींना वाटते. त्यांच्यासाठी आमच्या अभ्यासिकेतली गोष्ट सांगतो. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती ही १९४४ पासूनची. व्हाईसरॉयच्या मंडळात असताना बाबासाहेबांनी जे पदरात पाडून घेतले त्यातले हे एक. दोनेक वर्षांपूर्वी आमच्या अभ्यासिकेतल्या सतरा मुलामुलींची शिष्यवृत्ती अडकली होती. पोर्टलवर अर्ज दिसतो, मंजुरी दिसते, बँकेत पैसा नाही. कार्यालयात गेलो तर वर विचारा म्हणत, वर गेलो तर कॉलेजला विचारा. मोर्चा काढू, असे मुले म्हणाली. आम्ही म्हणालो, काढू, पण आधी एक कागद करू.

एका आमदारांकडे गेलो. ते कोणत्या पक्षाचे हे इथे महत्त्वाचे नाही. त्यांच्या स्वीय सहायकाने आमचे चार पानी निवेदन चाळले आणि परत दिले. "यात तक्रार आहे, प्रश्न नाही. आकडे आणा." आम्हाला राग आला, पण माणूस बरोबर बोलत होता. निवेदनात आम्ही "अनेक विद्यार्थी", "गेले कित्येक महिने" असे लिहिले होते. ज्याने स्वतः त्र्याऐंशी दिवसांवरून एक प्रश्न मारला होता, त्यालाच हे सुचू नये! त्या रात्री अभ्यासिकेत बसून मुलांनी तक्ता केला. अर्ज क्रमांक, अर्जाची तारीख, कॉलेजने पुढे पाठवल्याची तारीख, मंजुरीची तारीख, रक्कम. मग प्रश्न असा झाला : मुंबई उपनगर जिल्ह्यात या वर्षी किती अर्ज आले, किती मंजूर झाले, अमुक तारखेपर्यंत किती जणांच्या खात्यात रक्कम जमा झाली, उरलेले कोणत्या स्तरावर कधीपासून प्रलंबित आहेत. कुठेही विशेषण नाही.

प्रश्न अतारांकित म्हणून स्वीकारला गेला. उत्तर यायला बरेच महिने लागले. पण गंमत अशी की उत्तर यायच्या आधीच मुलांना फोन येऊ लागले. कार्यालयातून कोणी विचारी, तुमचा आधार बँकेला जोडला आहे का? कॉलेजातून कोणी म्हणे, एक कागद राहिला आहे, आजच आणून द्या. कुठल्या टेबलावर ते तांबड्या शाईचे पाकीट येऊन पडले असेल, ते आम्हाला डोळ्यांपुढे दिसत होते. सतरापैकी अकरा जणांचे पैसे महिनाभरात जमा झाले. नंतर छापील उत्तर हातात आले. पहिल्याच भागाला लिहिले होते : "हे अंशतः खरे आहे."

उरलेल्या सहांपैकी पाच जणांचे पैसे पुढे रडतखडत आले. सहावी एक मुलगी. वडील रिक्षा चालवतात, आई घरकाम करते. दुसऱ्या वर्षाला ती प्रथम वर्गात पास झाली होती. फी भरायला उसने आणले, ते फेडायला तिने संध्याकाळची नोकरी धरली, मग दिवसभराची, आणि कॉलेज सुटले. आता ती मॉलमध्ये कपड्यांच्या दुकानात उभी असते. मंजुरी तिचीही झाली होती. पैसा आला तेव्हा तिचे नाव कॉलेजच्या पटावर नव्हते, म्हणून तो परत गेला. आम्ही तिला भेटलो. पुन्हा प्रवेश घे म्हणालो. ती म्हणाली, "काका, बघते." तिच्या आईला आम्ही दोनदा भेटलो आहोत, तिसऱ्यांदा जाणार आहोत.

जाता जाता आमच्या परिसराविषयी एक गोष्ट. कान्हेरीच्या लेण्यांत आपण सहलीला जातो, तिथे भिंतींवर ब्राह्मी लेख आहेत. कोणी काय दान दिले, कुठले शेत, कोणासाठी, ते दगडात कोरून ठेवलेले आहे. त्यात एका लेखात मंगलठाण इथले शेत दिल्याची नोंद आहे, आणि मंगलठाण म्हणजे आपले मागाठाणे, असे अभ्यासक मानतात. दीड हजारांहून अधिक वर्षे ती पावती उन्हापावसात उघडी आहे, कोणीही वाचावी. मावशींना हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "बघ, त्यांनी मंडपवाल्याचं पण लिहिलं असतं."

ज्यांच्या मुलामुलींची शिष्यवृत्ती अडकली आहे त्यांनी येत्या रविवारी सकाळी वंदनेनंतर विहारात यावे. सोबत अर्जाची छापील प्रत, बँक पासबुक आणि कॉलेजची फी पावती आणावी. तारखा नीट लिहून आणाव्यात, "बरेच दिवस" असे लिहू नये. बावन्न सह्यांचे निवेदन आमदारांकडे द्यायला कोण कोण येणार, तेही त्याच वेळी ठरवू. मावशी येणार आहेत.

जयभीम.